उजवं कोपर

रत्नागिरी, मंगळवार, संध्याकाळ

शाळेत जाण्याआधी मालू आणि मी एकमेकींच्या वेण्या घालायचो. लाल रिबिनी, घट्ट फुलं, नाहीतर शाळेतल्या सिस्टर ओरडायच्या. आज माझी ही धाकटी बहीण भाट्याहून आली आणि फणी घेऊन माझ्यामागे बसली. संधिवाताने दोन्ही कोपरं इतकी आखडलीत की माझा हात केसांपर्यंत पोचतच नाही.

परवा उजवं कोपर बदलणार. डॉक्टर म्हणाले, "दुखणं बहुतेक जाईल. हात केसांपर्यंतही जाईल. पण त्या हाताने जड उचलायचं नाही, कायमचं." पुढे सांधा सैल होऊ शकतो. माझ्या संधिवाताच्या औषधांमुळे जंतुसंसर्गाची भीती जास्त. करंगळीकडची बोटं बधिर होऊ शकतात.

बोटंच बधिर झाली तर? हात केसांपर्यंत गेला आणि बट हाताला लागलेली कळलीच नाही तर?

मालूला हे बोलून दाखवलं. "अगो ताई, लोखंडाचं कोपर होणार तुझं! मला ढोसू नकोस म्हणजे झालं." हसले. पण तिची बोटं केसांतून फिरत होती तोवरच धीर होता. ती गेली आणि मी उजवी करंगळी चिमटून पाहिली.

जड काही नाही, कायमचं. तर मग ठरवूनच टाकते. घावनांचा बिडाचा तवा सूनबाईला. लोणच्याची मोठी बरणी जाऊबाईंना. नारळ खवायची विळी मालूला, तिच्या कोपरात अजून जोर आहे.

फणी कुणाला द्यायची नाही. ती हॉस्पिटलच्या पिशवीत, वरच ठेवायची.