सुटलेला घोटा

प्रिय सोमेश,

शिबिरात पत्र आलेलं बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदाच सांगते, घरी सगळे ठीक आहेत. अव्वाची शुगर आटोक्यात आहे आणि ती अजूनही संध्याकाळी दारातल्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या लेकाचा म्हणून तुझा फोटो दाखवते. दाजींनी पान सोडलंय असं ते म्हणतात, आणि मी रोज त्यांच्या शर्टाचे खिसे हुंगते. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू मला गुंडाळतोस. काही खोचक विचारलं की हसतोस, मग अव्वाला दे म्हणतोस, आणि तिच्याशी कन्नडमध्ये चार गोड शब्द बोलून फोन ठेवतोस. आज जे सांगायचंय ते मध्येच थांबलं तर पुन्हा सांगायला माझी जीभ रेटणार नाही, म्हणून कागद घेतला.

आपलं कडक भाकरीचं काम जोरात चालू आहे. तू दिलेल्या पैशातून मागच्या मोकळ्या जागेत शेड उभं केलं, तिथे आता सकाळपासून बायका थापायला बसतात. पुण्याच्या दुकानदाराची मागणी वाढली आहे. मी बायकांना भाकरीवर मजुरी देते, हे तुला माहीत आहे. पातळ थापली, नीट शेकली, कडक झाली आणि मोडली नाही, की ती भाकरी धरायची. मोडकी भाकरी धरायची नाही. यात कुणाचं नाव मोठं, कुणाचं लहान, असा प्रश्नच येत नाही. तुझ्या कबड्डीच्या धंद्याचं मला म्हणूनच कधी नीट कळलं नाही. तुमच्याकडे आधी दाम ठरतो आणि काम नंतर. ज्या वर्षी तू डाव्या कोपऱ्यात उभा राहून भल्याभल्यांचे घोटे धरलेस, त्या वर्षीच्या खेळावर पुढच्या दोन वर्षांची बोली लागली. लिलावात तुझा आकडा चढत होता आणि आपल्या गल्लीत लोक टीव्हीपुढे उभे राहून ओरडत होते. अव्वा देवापुढे साखर ठेवून रडत होती. मी मात्र विचार करत होते की उद्या याचा हात चालला नाही, तर हे लोक पैसे परत मागतील का? तू मला तेव्हा म्हणालास, अक्का, तू देवाच्या प्रसादातसुद्धा खडे शोधशील. खरं आहे. शोधते.

आणि मग तेच झालं. नव्या संघात गेलास आणि तुझ्या पकडी कमी कमी होत गेल्या. सुरुवातीला सगळे म्हणाले, नवा संघ आहे, जमेल हळूहळू. नंतर सामना सांगणारे लोक तुझ्या नावाआधी महागडा हा शब्द लावायला लागले. चांगली पकड झाली तर नुसता सोमेश, हुकली की महागडा सोमेश. कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलात मल्लप्पाने तर एकदा सगळ्यांदेखत बोलून टाकलं, “एवडा पगार घिऊन ह्यो असा खेळतुय, म्हंजे दुसऱ्या बाजूनं बी काय तरी येतंय की.” दाजी तिथे होते, त्यांनी घरी येऊन मला सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी मल्लप्पाच्या बायकोला दारात गाठून त्याचं पूर्ण घराणं काढलं. सगळ्या गल्लीने ऐकलं. पण घरी येऊन दार लावलं आणि मोबाईलवर तो उपांत्य सामना पुन्हा लावला.

तो सामना मी किती वेळा पाहिला असेन याचा हिशेब नाही. शेवटची चढाई. तो उंच गडी बोनस घ्यायला पाय पुढे टाकतो, तू बरोबर वेळेवर झेपावतोस, त्याचा घोटा तुझ्या हातात येतो. आलाच होता, सोमेश. पूर्ण पंजात होता. लहानपणी अंगणात तू माझा घोटा असा धरायचास, तेव्हा मी ओरडले तरी सोडायचा नाहीस, अव्वा चिमटा घेऊन यायची तेव्हा सुटका व्हायची. आणि इथे त्या गड्याने साधा हिसका दिला आणि तू सोडलास. सुटला असं मी नाही म्हटलं मनात, सोडलास असंच म्हटलं. तो उठून मध्यरेषेकडे पळाला तेव्हा तू त्याच्याकडे बघितलंसही नाहीस, स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिलास. मला ती केल्या पापाची शरम वाटली. तुझ्या सख्ख्या बहिणीला.

मग जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला घरी आलास. तेव्हा मी तुझ्यावर डोळा ठेवूनच होते. आपल्या घरातला माणूस नंदीध्वजाच्या जड काठीपासून लांब राहिलाय असं मी कधी पाहिलं नव्हतं. तुझा सराव तर पोरवयापासूनचा. मिरवणुकीत घालायची बाराबंदी इस्त्री करून मी खुंटीला लावून ठेवली होती, आणि तू म्हणालास, करारात बसत नाही, काठी उचलायची नाही. बाहेर सगळ्यांनी ते ऐकलं. “लई मोटा झालाय आता,” असं लोक माझ्या तोंडावर बोलले. तू अक्षता सोहळ्याला पाहुण्यासारखा मागे उभा होतास, खिशात हात घालून. त्या दिवशी जेवायला अव्वाने तीळ लावून बाजरीच्या, आपल्या सज्जीच्या, कडक भाकऱ्या केल्या होत्या, कारण तुला आवडतात. तू भाकरी हातात घेतलीस, तशीच ताटात ठेवलीस, आणि पोळी आहे का विचारलंस. अव्वाने उठून कणीक मळायला घेतली. मला इतका राग आला, सोमेश. मला वाटलं, हॉटेलात राहून राहून याला आपल्या हातची भाकरी नकोशी झाली. रात्री तू गच्चीवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होतास. मी जिन्यात उभी राहिले. एवढंच ऐकू आलं, कुणाला कळता कामा नये. झालं. मल्लप्पा म्हणतो ते खरं, हे मी त्या जिन्यात उभी राहूनच ठरवून टाकलं. नंतर तू शेडच्या उरलेल्या कामासाठी पैसे पाठवलेस, ते मी बँकेतून काढलेच नाहीत. शेडवरचे पत्रे अजून अर्धेच आहेत.

गुरम्मा तुला आठवत असेल, अक्कलकोटकडची, थापायला सगळ्यात जुनी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिच्या भाकऱ्या बिघडायला लागल्या. एक कड जाड, एक कड पातळ, शेकताना तडकायच्या. मला संशय आला की ही पीठ वाचवून घरी नेते. मी तिच्या परातीजवळ फेऱ्या मारायला लागले. तेव्हा दिसलं की ती डाव्या हाताने थापते आहे आणि उजवा नुसता कडेला टेकवून ठेवते. हात धरला तर तिने ओढून घेतला. मी ओरडले, तशी रडायला लागली. “अक्का, बोटंच आपली वाटंनात. मुंग्याच मुंग्या. तांब्या धरला की सुटतुय,” म्हणाली. मी म्हटलं, मग आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाली, “सांगितलं असतं तर तुमी दुसरी बघितली असती की.” सोमेश, ती खरं बोलत होती, मी बघितली असती. तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. नस दबली आहे, म्हणाले, आधी आणलं असतं तर बोटात जास्त ताकद राहिली असती. ऑपरेशन झालं. आता ती पाकिटं भरायला बसते, आणि मजुरी तीच ठेवायची की नाही यावर मी बरेच दिवस कुढत होते, शेवटी ठेवली.

दवाखान्यातून परत येताना रिक्षात गुरम्मा माझ्या शेजारी बसली होती, हात मांडीवर टाकून. आणि मला तू भाकरी ताटात ठेवतोस ते दिसलं. ती तुला नकोशी झाली नव्हती. तुला ती मोडता येत नव्हती. कडक भाकरी मोडायला बोटात जोर लागतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार, आणि मीच ते बघून नाक मुरडलं. काठी, खिशातला हात, गच्चीवरचं बोलणं, तो घोटा, सगळं एका ओळीत लागलं. लिलावाआधीच्या शेवटच्या सामन्यात तू मानेवर पडला होतास, दोन माणसांनी धरून बाहेर नेलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर हसत म्हणालास की काही नाही, जरा हिसका बसला. तेव्हापासून मानेतली नस दबली आहे ना? बोली लागली तेव्हाच हात गेलेला होता का? मल्हारला माहीत असणार, तो तुझ्या खोलीत राहतो. सांगोल्याचा पोरगा आहे, तुझ्यासाठी जीव देईल, म्हणून मी त्याला विचारून त्याची पंचाईत केली नाही. तुलाही विचारलं नाही. वाटलं, तू आपणहून सांगशील. मी वाट बघत राहिले आणि तू फोनवर हसत राहिलास.

काल दुपारी एक माणूस पुण्याहून गाडी करून आला. अनिलकुमार नाव सांगितलं, संघाच्या मालकांकडून चौकशीला आलो म्हणाला. वयाने माझ्याएवढाच, बोलायला एकदम मऊ. चहा घेतला, बिनसाखरेचा, आणि अव्वाला वाकून नमस्कार केला. अव्वाला वाटलं तुझं कौतुक करायला आलाय, तिने फोटो काढून दाखवले. मग तो मागे शेडमध्ये आला. पत्र्यांकडे बघितलं, खांबांकडे बघितलं आणि विचारलं, हे कधी बांधलं, पैसे कुठून आले. मी दाजींच्या खिशाकडे बघते ना, तसा तो बघत होता. मला त्याची चीड आली आणि त्याची नजर ओळखीचीही वाटली. मी बायकांना बाहेर पाठवलं. तो म्हणाला, ताई, तुमच्या भावाएवढा पगार संघात दुसऱ्या कुणाला नाही आणि त्याच्याएवढा वाईट खेळही कुणाचा नाही. एक तर तो विकला गेलाय किंवा दुसरं काहीतरी आहे, आणि दुसरं काही मला सापडत नाही. विकला गेल्याचं सिद्ध झालं तर जन्मभर बंदी, पोलिसांत तक्रार, पेपरात नाव. मी विचारलं, आणि दुखापत लपवली असेल तर? तो म्हणाला, मग करार रद्द होईल, पुढचे पैसे जातील, गोष्ट तिथेच संपेल.

तुला विचारायला हवं होतं, मला कबूल आहे. पण तुला फोन केला असता तर तू हसला असतास आणि मला गप्प बसवलं असतंस, आणि मी गप्प बसले असते, कारण तुझ्या पगारावर अव्वा गल्लीत मान वर करून चालते. पण बोटं सुटत चालली असताना तू पुढचं वर्षही तसंच रेटणार होतास, आणि शेवटी पगारही जाणार आणि हातही. म्हणून मी सांगितलं, सोमेश. भाकरीचं सांगितलं, काठीचं सांगितलं, गुरम्मालासुद्धा बोलावून तिचा हात दाखवला. अनिलकुमारने सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाला, या आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे नेतो, नसा तपासल्या की कळेलच.

म्हणून हे पत्र, तुला नेतील त्याच्या आधी मिळावं म्हणून. बोलावणं आलं की तुला मल्हारचा राग येईल, त्यानेच तोंड उघडलं असं वाटेल. त्याच्यावर डूख धरू नकोस. तुझा पगार मी घालवलाय, तुझा खेळ मी बंद पाडलाय, काय शिव्या द्यायच्या त्या मला दे. पण एक गोष्ट अजून आहे, ती अव्वाला कधी कळू देऊ नकोस. अनिलकुमार गेल्यावर मला झोप लागली नाही. मनात आलं, मी एवढं छातीठोक सांगितलं खरं, पण हात धडधाकट निघाला तर? माझं मन असं आहे, मी काय करू. पहाटे उठून सिद्धरामेश्वराच्या दर्शनाला गेले. तुझ्या प्रत्येक सामन्याआधी मी तिथे तुझ्या हाताला बळ मागायला जायची. आज हात जोडून म्हटलं, देवा, माझ्या भावाचा हात खरंच गेलेला निघू दे.

तुझीच,
सिद्धेश्वरी अक्का