रिकाम्या हातांचा गड

बुधवार, ८ जानेवारी
आलो एकदाचा! बोरगावहून आर्वीला गाडी बदलून एसटीनं, मांडीवर पिशवी अन् पायाशी मोजपट्ट्या. निवृत्त इतिहास-मास्तरानं बोरगाव मेघेत घराच्या भिंती बघत बसण्यापेक्षा पडक्या गडाच्या भिंती मोजाव्यात, काय वाईट? या गडाचा इतिहास लिहायचा चंगच बांधलाय. खोली तानाबाईंकडे, अगदी टेकडीच्या पायथ्याशी. बाईंनी पहिल्याच पंगतीला झुणका-भाकर आणि इतिहास दोन्ही वाढलं. गडाचा तट काही केल्या टिकेना, तेव्हा किल्लेदारानं फर्मान काढलं म्हणे: वर येणाऱ्यानं एक दगड आणून तटात बसवावा, रिकाम्या हातानं येईल त्यालाच तटात बसवावं. गाव अजून पाळतं. "गुरुजी, वर जातानी एक गोटा घेऊन जाजा," त्यांनी बजावलं. मी पोटभर हसलो.

गुरुवार, ९ जानेवारी
चढण दमवते, पण वर वारा काय सुरेख! पश्चिमेच्या तटात गावकऱ्यांचे गोटे कोंबलेले. मापांची वाट लागते त्यानं. अकरा गोटे उपसून दरीत लोटून दिले. मी अर्थातच गोटा नेला नव्हता. हे ऐकून तानाबाईंचा चेहरा उतरला. रविवारी लेक येतेय, ऋचा. तिच्यासमोर असलं खूळ काढू नका, असं त्यांना जरा तोडूनच सांगितलं. मग ऋचाला फोन केला. थेट गडावर ये, हातात काही घेऊ नकोस, चढण खडी आहे म्हणालो.

शुक्रवार, १० जानेवारी
काल गोटे उपसले तिथलं भगदाड वाढलंय. पट्टी लावली: उंची पाच फूट सहा इंच, रुंदी माझ्या खांद्यांएवढी. शेजारी दुसरं, पाच फूट एक. काल तिथं सलग तट होता. चुन्याला हात न लावता माझ्या नखांत चुना भरलाय. गुडघे वाकत नाहीत. मला भीती वाटतेय. उद्या पहिल्या गाडीनं निघायचं.

शनिवार, ११ जानेवारी
पाय एसटीकडे वळलेच नाहीत. चढत गेले— मी थांबवत होतो, तरी. आता भगदाडात उभा आहे. नेमका मावलो. पाठ दगडापासून सुटत नाही. फोन खाली पडलाय, हात पोचत नाही. ओरडलो तर तोंडातून माती.
तानाबाई आल्या. माझ्या पावलांवर गोटा ठेवला, हात जोडले. भरलं एकदाचं, असं पुटपुटल्या. मी दिसलोच नाही त्यांना. शेजारचं भगदाड पाहून मात्र डोळ्याला पदर लावला.
पाच फूट एक. ऋचाची उंची.

रविवार, १२ जानेवारी
उजवा हात तेवढा मोकळा, वहीपुरता—
एसटी आली. उतरली. तीच, उन्हाची टोपी घातलेली. तानाबाई अंगणातच आहेत. सांगा हो बाई, सांगा तिला—
नाही बोलल्या. मीच तोंड बंद केलं त्यांचं.
चढतेय. वर बघून हात हलवतेय. दोन्ही. रिकामे.
ऋचा, एक गोटा उचल, बाळा, एकच—