धोंड्याचं वाण

१२ एप्रिल, रविवार

आज एकाच्या डोक्यात पळी घातली. मागच्या खोलीतला भाडेकरू. बायकोला केसांना धरून अंगणात ओढत आणलं होतं त्यानं, आणि खानावळीतले सगळे ताटातली भाजी संपवत बघत बसलेले. मी आमटी ढवळत होते. तशीच गेले. एक टाळक्यात, एक खांद्यावर. भाजला, ओरडला, खालीच बसला. "मावशी, ये हमारे घर का मामला है." घर माझं आहे म्हटलं, खोली खाली कर.

छबूबाई माझ्याकडे भाकऱ्या थापते, परभणीकडची आहे. म्हणाली, "ताई, आज तुमाला झालंय तरी काय?" काही नाही म्हटलं.

तिला काय सांगू? सकाळी प्राजक्ताचा फोन आला होता. जर्मनीहून, पण तिच्या फोनवरून नाही, कुठल्याशा दुकानातल्या बाईच्या फोनवरून. "आई, गणराज मारतो मला. दोन वर्षं झाली. माझा फोन तो रोज तपासतो, पासपोर्ट त्याच्याकडे आहे. तू ये." येते म्हटलं. तेवढ्यात फोन बंद.

दोन वर्षं! आणि मी दर रविवारी व्हिडिओवर विचारत होते, काय गं, आज भाजी काय केलीस.

१३ एप्रिल

तेजस्विनीला सांगितलं. चुलतदिराची सून, चाकणला व्हिसा-पासपोर्टची कामं करणाऱ्या ऑफिसात असते. आधी तिच्या पोराची शपथ घातली, मगच तोंड उघडलं. म्हणाली, तिथल्या पोलिसांना फोन करू. करू, पण ते आले आणि समज देऊन निघून गेले तर? नंतर दार लावून तो तिचं काय करील? ती म्हणाली, मग जावंच लागेल.

जायचं तर व्हिसा. व्हिसाला हमी लागते — बाई कुणाकडे राहणार, खर्च कोण करणार. ती तिथल्या माणसानं तिथल्या कचेरीत जाऊन द्यायची. म्हणजे गणराजनं. हॉटेलात राहते म्हटलं तर? "मावशी, तुम्ही एकट्या, कधी देशाबाहेर गेला नाहीत, इंग्रजी येत नाही. नाही म्हणतील. आणि एकदा नाही म्हटलं की पुढचं अवघड."

म्हणजे ज्याच्या हातून पोरगी सोडवायची, त्याचीच सही घेऊन जायचं. ऑफिसातल्या त्या काचेच्या टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं. माझं नाही, त्याचं.

१६ एप्रिल

गणराजला फोन केला. यावंसं वाटतंय म्हटलं, तुमचा संसार बघावा. "आत्ता नको आई, कामाचा लोड आहे. आणि इथे येऊन करणार काय तुम्ही?" मागे प्राजक्ता दिसली. पूर्ण बाह्यांचा स्वेटर, गळ्यापर्यंत. मला वाटायचं तिकडे थंडी असते.

१७ एप्रिल

आज चिकनचा वार. कोंबड्या मीच तोडल्या. छबूबाई म्हणाली, "ताई, एवढे बारीक तुकडे कशाला? हाडं चावायची काय लोकांनी?"

२० एप्रिल

सापडलं!

भिंतीवरच्या कॅलेंडरात सिलिंडरची तारीख बघत होते. पुढचं पान उलटलं तर सतरा मेपासून अधिक महिना. धोंड्याचा महिना. मुलगी-जावयाला लक्ष्मी-नारायण मानून जावयाला वाण द्यायचं, तेहतीस अनारसे, वर दिवा, त्याचे पाय धुवायचे. आणि ह्यांच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना.

त्याला सासू नको आहे. पण पाय धुऊन घ्यायला कुठला जावई नाही म्हणतो?

२३ एप्रिल

आधी वाकडला गेले, विहिणीकडे. सुमनताईंचा अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट. चांदीचं ताट करणार म्हटलं, चांदीचा दिवा, जावईबापूंना पोशाख, अनारसे माझ्या हातचे. त्या सोफ्यावर पुढे सरकून बसल्या. "पहिला धोंडा आहे, व्हायलाच हवा. मी सांगते गणूला."

मग चहा पिताना म्हणाल्या, "तापट आहे हो आमचा गणू. लहानपणी एकदा मांजर भिंतीवर आपटलं होतं. पण मनात काही नसतं त्याच्या." आणि हसल्या. म्हणजे ह्या बाईला सगळं माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

मीही हसले. कप बशीवर अलगद ठेवला. गॅलरी तीन पावलांवर होती. लिफ्टमध्ये आल्यावर स्वतःच्या दंडाचा चावा घेतला, अजून वण आहे.

२७ एप्रिल

रोज त्याला बोलून निरोप पाठवते. "जावईबापू, जेवलात का? उन्हात फिरू नका." जर्मनीत कसलं ऊन! "तुमच्यासारखा जावई आमच्या भावकीत कुणाला मिळाला न्हाई." पाठवला की पाण्यानं चूळ भरते.

आज त्याचा उलट निरोप आला. "तुमचे मेसेज प्राजक्ताला ऐकवतो मी. म्हटलं शिक जरा आईकडून."

ऐकू दे. तिला माहीत आहे मी कोण आहे. माझ्या पोरीला कळेल मी काय करते आहे ते.

१ मे

हे लिहायचं नव्हतं. पण कुणाजवळ तरी बोलायला हवं.

दुपारी त्याचा व्हिडिओ आला. सोमवारी कचेरीची वेळ मिळालीय, हमी देतो म्हणाला. मी म्हटलं, लई उपकार झालं. तर म्हणाला, "एक काम करा आई. तुमच्या मुलीला तुमच्या तोंडानं सांगा. कालची भाजी तिनं जाळली, वर मलाच उलट बोलते. कोण चुकतंय, सांगा तिला." तिला हाताला धरून फोनसमोर आणून बसवली.

मी म्हटलं, प्राजक्ता, नवऱ्याला उलट बोलू नये बाई.

ती म्हणाली, "आई, भाजी त्यानंच —" तेवढंच. त्यानं तिच्या थोबाडीत मारली. माझ्यासमोर. आवाज इथवर आला. आणि मग तो माझ्याकडे बघत बसला. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. मी काय म्हणते ते त्याला बघायचं होतं. मला कळलं, सही माझ्या उत्तरावर अडली आहे.

मी म्हटलं, "द्यायलाच पायजे होती एक. मीच लाडावली तिला."

तो हसला. "बघ, तुझी आई काय म्हणते."

मी डोळ्यांनी तिला खुणावत होते. वर बघ, एकदा वर बघ, माझं तोंड बघ. तिनं वर बघितलंच नाही.

फोन ठेवला आणि फरसाणाच्या कपाटाची काच फोडली. मुठीनं. छबूबाईनं हळद दाबली, फडकं बांधलं, दवाखान्यात नेऊन बोटांना टाके घालून आणले. तिला वाटलं काच निसटली.

५ मे

हमीचा कागद आला. तेजस्विनी म्हणाली, "मावशी, कमाल केलीत." तिच्या अंगावर धावूनच जाणार होते. पोरीच्या तोंडावर पडलेली चापट आहे ती.

८ मे

पुण्याचं व्हिसा सेंटर. चाकण चौकातच तासभर अडकलो. दोन्हीकडून कंटेनर, मधे रिक्षा घातलेला एक शहाणा. खाली उतरून त्याची गचांडी धरली. तेजस्विनीनं सोडवलं.

तिथे सगळे कागद बघितले, ठीक म्हणाले. मग बोटांचे ठसे. मशीन घेईना. मुलीनं माझा हात उलटा केला. "काकू, बोटांना टाके आहेत. जखम भरल्यावर या, नवीन तारीख घ्या."

ह्या हातानं काच फोडली नसती तर आज काम झालं असतं. तापट तो, आणि मी कोण?

१४ मे

प्राजक्ता फोनवर येत नाही. गणराज म्हणतो, "ती म्हणते आईशी बोलायचं नाही." हसून सांगत होता. तिला फुरंगटू द्या म्हटलं, जावईबापू, तुम्ही जेवलात का?

खोटं असेल. तोच बोलू देत नसेल.

१७ मे

अधिक महिना लागला. हाताचे टाके निघाले, खपल्या धरल्यात. खपली काढायची नाही म्हणून रात्री हाताला मोजा बांधून झोपते. छबूबाई हसते.

२१ मे

ठसे घेतले! दहाही बोटं.

काचेपलीकडच्या साहेबानं विचारलं, "कशासाठी जाताय?" जावयाला वाण द्यायला म्हटलं. "सुखी आहे का मुलगी?" सहज विचारलं त्यानं, मराठी माणूस होता. सुखी आहे म्हटलं. जीभ आता आपोआप वळते.

२५ मे

अनारशाचे तांदूळ भिजवून, वाळवून, कुटायला घेतले. मिक्सर आहे, पण उखळातच कुटते. प्रत्येक घावाला त्याचं नाव. छबूबाई बघत होती. मग म्हणाली, "ताई, राग नका येऊ देऊ. पन त्या दिवशी मी मागंच हुते. पोरीला मारलं तवा तुमी बरं केलं म्हनलाव. माजा नवरा मला मारायचा तवा माजी आईबी असंच म्हनायची. म्या तिच्या मयताला गेले न्हाई."

मुसळ खाली ठेवलं. तिला सगळं सांगितलं, अगदी पहिल्या फोनपासून. ऐकून तिनं विचारलं, "मंग हे पोरीला ठावं हाय का?"

कसं ठाऊक असणार? कुठून सांगणार होते मी?

तिथे गेल्यावर सांगेन. दार उघडताच आधी तिला मिठीत घेणार, कानात सांगणार. मग त्याच्याकडे वळणार. परतीची तिकिटं दोन काढायची आहेत. पासपोर्ट देत नसेल तर लोखंडी पळी बॅगेत आहे, पोशाखाच्या घडीत.

२ जून

व्हिसा आला. पासपोर्टात चिकटवलेला, माझा फोटो, ओठ मिटलेले. देवापुढे ठेवला. पेढे वाटले, ज्या भाडेकरूला हाकललं होतं त्याच्या बायकोलाही दिला. ती अजून इथेच आहे, तोच गेला. नवव्या तारखेचं विमान.

गणराजला निरोप पाठवला: येते हं जावईबापू, पाय धुवायला.

४ जून

गणराजचा फोन. शिव्या. मला, माझ्या मेलेल्या नवऱ्याला, आमच्या निघोजे गावाला. प्राजक्ता गेली! तो कामावर असताना गेली, पासपोर्टचं कपाट फोडून गेली. "तुम्हीच शिकवलं असणार!" मी शिकवलं नाही रे मेल्या. पण फोडलं ना कपाट? माझीच आहे.

दोन महिने तोंडात साठवलेलं सगळं सोडलं. जेवणारी पोरं घास हातात धरून ऐकत होती. शेवटी त्यानंच फोन ठेवला. गळा बसलाय. असं मोकळं कधी वाटलं नव्हतं.

आता ती मला फोन करेल. फोन उशाशी घेऊन बसलेय.

५ जून

नाही आला.

६ जून

तेजस्विनीनं तिथल्या पोलिसांना फोन लावला. इंग्रजीत बोलली, मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळली. सांग म्हटलं. प्राजक्ता सुखरूप आहे. घरातून निघालेल्या बायकांसाठीच्या एका घरात आहे. पत्ता मिळणार नाही. दोन माणसांना काही कळू द्यायचं नाही असं तिनं बजावून सांगितलंय. एक नवरा. दुसरी मी.

जेवते का नीट, तेवढं विचार म्हटलं.

जेवते म्हणाले.