शाळा सुटल्यावरचा बर्फ

मी, हिल्या कांगास, कै. तोइवो कांगास यांची पत्नी, वय ८१, राहणार लिटल स्टोनी, मिनेसोटा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. मन ठिकाणावर आहे असे लिहावे लागते, असे वकील म्हणाले. मन गेल्या गुरुवारपासून ठिकाणावर नाही. बुद्धी मात्र शाबूत आहे, आणि कायद्याला तेवढी पुरते असे त्यांनीच सांगितले.

यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात कांगास हॉल, म्हणजे तोइवोने बांधलेले आइस हॉकीचे बंदिस्त मैदान, मी आमच्या गावच्या विद्यापीठाला दिले होते. अट एकच होती, की त्यांनी देशातल्या सर्वांत वरच्या श्रेणीचा संघ सुरू करावा. आज विद्यापीठात हौशी पोरापोरींचा क्लब तेवढा आहे. तोइवो हयातभर म्हणत राहिला, "हिल्या, एक दिवस आपली पोरं मोठ्यांशी खेळतील बघ."

कलम १. राहते घर मुलगा मार्टिन याला. सौनाच्या, म्हणजे परसातल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, भट्टीचे दार उचलून लावावे, लाथ मारू नये. त्याच्या लाथेनेच ते वाकले आहे.

कलम २. दारातला बर्फ उडवायचे यंत्र धाकटे दीर ओन्नी यांना. उसने म्हणून नेलेले ते यंत्र कित्येक हिवाळे त्यांच्याच गॅरेजात आहे. आता रीतसर देत आहे, म्हणजे मला पाहून रस्ता ओलांडायची गरज उरणार नाही.

कलम ३. कांगास हॉल. इथे मला जरा सविस्तर लिहावे लागेल.

गुरुवारी संघाबद्दल गावाचे मत घ्यायला विद्यापीठाने हॉलमध्येच सभा बोलावली. मी पहिल्या रांगेत, मानाच्या खुर्चीवर. क्रीडा संचालक होल्मक्विस्ट यांनी भिंतीवर तोइवोचे नाव केवढ्या अक्षरांत येईल ते दाखवले. टाळ्या झाल्या. मग माझी नात आयनो उठली. ती क्लबची गोलरक्षक आहे. सरावातून तशीच आली होती, पायाला पॅड बांधलेले.

"माझी आजी समोर बसलीय," ती म्हणाली, "म्हणून तोंडावर बोलते. हा संघ सुरू करू नका."

माझ्या हातातली कॉफी मांडीवर सांडली. भाजले ते घरी गेल्यावर कळले.

ओन्नी मागून ओरडले, "वहिनी, पोरीला आवरा!"

होल्मक्विस्ट गोड हसले. "हे बघ बाळ, त्या पातळीवर..."

"मी बाळ नाही. या गावातली किती पोरं घेणार तेवढं सांगा."

त्यांनी सांगितले. अगदी सहज, हवापाणी सांगावे तसे. अशा संघांत कॅनडा, स्वीडन, कुठून कुठून मुले येतात. बाहेर दोन-तीन वर्षे खेळून, एकविशीला पोचून मग कॉलेजात पाऊल टाकतात. गावचा एखादा? "शक्यता नाकारत नाही," म्हणाले. पोरींचा संघ? "पुढे बघू." आणि शाळा सुटल्यावर लहान मुले खेळतात त्या वेळेचे काय?

"दुपारी संघाचा सराव. रात्री साडेदहानंतर हॉल तुमचाच की!"

लोक हसले. मला हसू आले नाही. आपला संघ म्हणजे आपली पोरे, असे तोइवो समजत होता. मीही तेच समजत होते, आणि आमच्या आयुष्यात हे कुणाला विचारावे असे एकदाही वाटले नाही. आयनोचा राग आला, तिची लाज वाटली, आणि ती खरे बोलते आहे हे कळून तर धक्क्यावर धक्का बसला.

रविवारी ती सौनाला आली, तेव्हा मी म्हटले, "हॉल तुझ्या नावावर करते."

"नको आजी."

"का गं? एवढी भांडलीस ना?"

"उद्या कुणीतरी मोठी किंमत घेऊन दारात येईल. मी चांगली आहे, पण इतकी नाही."

वीस वर्षांच्या पोरीने असे म्हणावे! मी गरम फळीवर बसल्या बसल्या गोठले.

सबब, कांगास हॉल गावच्या मुलांच्या हॉकी मंडळाला. विद्यापीठाने मोठा संघ जरूर काढावा, मंडळाकडून हॉल भाड्याने घ्यावा. पण शाळेच्या दिवशी दुपारी तीन ते सहा बर्फ गावच्या मुलामुलींचा. ही वेळ कोणी विकू नये, भाड्याने देऊ नये, कुणाच्या सन्मानार्थही सोडू नये. मी हे फोनवर कळवले तेव्हा होल्मक्विस्ट म्हणाले, "बाई, मग संघ होणारच नाही. तेवढं सोडून सगळं मान्य." तेवढे सोडले तर माझ्याकडे द्यायला काही उरत नाही.

कलम ४. स्केटला धार लावायचे तोइवोचे यंत्र आयनोला. हे तरी नाही म्हणू नकोस.

कलम ५. माझा अंत्यविधी सकाळी उरकावा. दुपारी हॉल बंद ठेवल्यास मला खपणार नाही. मला तोइवोच्या शेजारी ठेवावे. त्याचे स्वप्न मी मोडून येत आहे आणि मला त्याची भीती वाटते, हे इथे लिहून ठेवते. तो रागावला तर एवढेच सांगेन, की तुझी नात सगळ्या गावासमोर एकटी उभी राहिली होती, पायाला पॅड बांधून. तू पाहायला हवे होतेस.

अजून दोन गोष्टी लिहायच्या होत्या. पण आयनो बाहेर गाडीत थांबली आहे. तिला तीनला लहान मुलांच्या सरावासाठी गोलात उभे राहायचे आहे, म्हणून इथेच सही करते.

हिल्या कांगास
लिटल स्टोनी, १४ फेब्रुवारी

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली:
डोलोरेस नोवाक, शेजारीण
पास्टर कार्ल लुंडीन (सभेत मीही हसलो होतो.)