रद्द झालेली नजीर

औरंगाबाद,
रविवार, २९ नोव्हेंबर १९५९

तीर्थरूप नाना,

श्रीधरचा नमस्कार. आईला आणि प्रमोदिनीला माझी आठवण सांगा. माझी तब्येत ठीक आहे. उस्मानपुऱ्यातली खोली थंडीला बरी आहे. घरमालकीण वच्छलाबाई सकाळी आंघोळीला कढत पाणी देतात आणि दिल्याचं दिवसभर ऐकवतात. आईनं धाडलेली कारळाची चटणी संपली. खानावळीतल्या वरणाबद्दल न लिहिलेलं बरं.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. कॉलेज कसं चाललंय, असं तुम्ही विचारलंत. मी काय कळवावं?

आमचे सगळे प्रोफेसर वकील. दिवसा त्यांना कोर्ट असतं, म्हणून आमचे तास पहाटे. आम्ही कुडकुडत सायकली हाणत यायचं आणि शिपायानं फळ्यावर लिहायचं, ‘आज तास नाही.’ जे येतात ते नोट्स सांगतात. कराराचा कायदा शिकवणारे सर गेल्या वर्षीच्याच नोट्स सांगतात. तात्यासाहेबाच्या चुलतभावाची जुनी वही आमच्याकडं आहे, त्यामुळं सरांचं पुढचं वाक्य आम्हाला आधीच ठाऊक असतं. सर खोकायला थांबले की मागच्या बाकावरनं कुणीतरी ते पुरं करतं. लायब्ररी म्हणजे एक कपाट. त्याची किल्ली ज्यांच्याकडं असते ते गृहस्थ दुपारी येतात, तेव्हा आम्ही घरी गेलेलो असतो.

हा तात्यासाहेब म्हणजे वैजापूरकडचा. मोठी शेती आहे. जीपमधून येतो. त्याला वकिली करायची नाही, काळा कोट घालून फोटो तेवढा काढायचाय. तो मजेत आहे. त्याच्या शेजारी बसतो रामकिसन. शाळेत मास्तर आहे, दोन लेकरांचा बाप. बी.ए. झालाय, पण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचा, उर्दूतून. आता पस्तिशीत इंग्रजीतून कायदा शिकतोय. मागं मला म्हणाला, “श्रीधर, अर्थ समदा कळतो रे मला. पण पेपरात लिहायला बसलो की शब्दच हात देत नाय.” मी तासानंतर त्याच्याबरोबर बसतो. कलम त्याला मराठीत सांगितलं की तो अशी शंका काढतो की मीच पुस्तक उघडून बसतो.

मागच्या वर्षी पास होऊन गेलेले दोघं कोर्टात भेटतात. एकजण सीनियरच्या फायली वाहतो आणि घरी सांगतो की प्रॅक्टिस जमतेय. दुसरा म्हणाला, कॉलेजनं मला पेपर लिहायला शिकवलं, कोर्टात द्यायची दरखास्त लिहायला नाही, ती कारकुनाकडनं शिकलो. तरी दोघंही म्हणतात, डिग्री घे.

हर्डीकर सरांबद्दल मात्र मी मागं लिहिलं होतं, ते खोटं नव्हतं. पुण्याकडचे आहेत. ते पुराव्याचा कायदा शिकवतात आणि एक तास चुकवत नाहीत. साक्षीदाराला प्रश्न कसा टाकावा, हे ते दोन मुलं उभी करून दाखवतात तेव्हा तास संपू नये असं वाटतं. मी त्यांच्यासारखा वकील व्हायचं ठरवलं होतं.

‘होतं’ असं लिहिलं गेलं. आता पुढचं लिहितोच.

नाना, या महिन्यात तुम्ही औरंगाबादला आला होतात. मला न भेटता गेलात आणि पत्रातही त्याचा उल्लेख नाही. पण मला ठाऊक आहे, कारण मी तिथं होतो. हर्डीकर सर वर्गात म्हणाले होते, “उद्या जिल्हा कोर्टात माझं एक अपील आहे. येऊन बसा, पुस्तकात नाही ते दिसेल.” आम्ही आठ-दहा जण गेलो. मागच्या बाकावर बसलो. पुकारा झाला, देवगाव रंगारीच्या पुंजारामाच्या विहिरीच्या पाण्याच्या पाळीचं प्रकरण, वकील दत्तोपंत, आणि काळ्या शेरवानीत तुम्ही उभे राहिलात.

तुम्ही जुन्या हैदराबाद हायकोर्टाची नजीर काढलीत. पाळीचा हक्क पुंजारामाचा कसा, हे सांगणारा तो जुना निकाल तुम्ही उर्दूतून वाचायला लागलात. जज्जसाहेबांनी हात वर केला. “वकीलसाहेब, मला हे समजत नाही. इंग्रजीत सांगा.” तुम्ही एक वाक्य इंग्रजीत बोललात. दुसरं अर्ध्यात अडलं. मग तुम्ही म्हणालात, “मराठीत अर्ज करतो, हुजूर.” त्या ‘हुजूर’वर कुणीतरी फिसकन हसलं. हर्डीकर सर उठले आणि म्हणाले, “साहेब, माझे विद्वान मित्र अजून निजामाच्या मुलखातच राहतात.” सगळं कोर्ट हसलं. तात्यासाहेब हसला. रामकिसन नाही. तो माझ्याकडं बघत होता. तुम्ही माझे वडील, हे त्या बाकावर त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

अपील गेलं. मी गर्दीतून बाहेर येईतो तुम्ही आणि पुंजाराम निघून गेला होतात. चौकातल्या काळ्या चबुतऱ्यापर्यंत धावत आलो, तुम्ही दिसला नाहीत.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात तेच सांगायला घेतलं. तुमचा आवाज काढला, तुमचं इंग्रजी म्हणून दाखवलं. वर्ग लोळत होता. मी उभा राहिलो. म्हणालो, “सर, निकाल काय लागला ते शिकवा. वकील कसा बोलला ते नको.”

“तुला काय त्रास होतोय?”

“ते माझे वडील आहेत.”

वाटलं, आता तरी सर थांबतील. ते म्हणाले, “असतील. कोर्टात नातीगोती नसतात. खाली बस.” मग माझा आवाज चढला. काय बोललो ते शब्दन्‌शब्द आठवत नाही. शेवटचं आठवतं. ‘तुम्हाला उर्दूतून उभं केलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?’ असं मी विचारलं. त्यांनी मला बाहेर काढलं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी बोलावून सांगितलं, लेखी माफी दे, नाहीतर नाव कापतो. तेव्हापासून मी कॉलेजात गेलेलो नाही.

मी माफी देणार नाही. एखाद्या शाळेत मास्तरकी बघेन. असल्या कॉलेजातून मिळालेली डिग्री घेऊन मी तुमच्यासमोर कसा उभा राहू? तुम्ही नाही म्हणणार नाही, अशी आशा आहे.

तुमचा
श्रीधर



कन्नड,
४ डिसेंबर १९५९

चि. श्रीधर, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र कोर्टाच्या ओसरीत बसून वाचले. घरी नेले नाही. तुझ्या आईला अजून काही ठाऊक नाही. प्रमोदिनीला पाहायला सिल्लोडची मंडळी येऊन गेली, एवढीच घरची बातमी. अजून त्यांचे उत्तर नाही.

तू मागच्या बाकावर होतास हे वाचून मी बराच वेळ पुढे वाचलेच नाही. तुला कळू नये म्हणूनच तर भेटलो नव्हतो. येताना तुझ्या आईने तुझ्यासाठी पुरणपोळ्या दिल्या होत्या. परतताना त्या मोटारीत पुंजारामाला दिल्या. त्याने हातही लावला नाही.

आता नीट ऐक. तू फिर्याद केलीस, पण अर्ध्याच मुद्द्यावर.

हर्डीकर हसले, ते वाईटच. माझ्या मनातून ते जाणार नाही आणि जावे असे मी म्हणत नाही. पण अपील त्यांच्या हसण्याने गेले नाही. मी वाचली ती नजीर मुंबईच्या निकालाने मागेच रद्द झालेली होती. हर्डीकरांनी तो निकाल जज्जसाहेबांपुढे ठेवला. तेव्हा तू रागात असशील, तुझे लक्ष नसेल. मला उत्तम इंग्रजी येत असते, तरी मी हरलोच असतो. मात्र इंग्रजी येत असते तर ती नजीर घेऊन मी उभाच राहिलो नसतो. इंग्रजी रिपोर्ट मला वाचता येत नाहीत. दहा वर्षे ही गोष्ट मी तुझ्या आईपासूनही झाकली आहे. कोणी नवा निकाल दाखवला की मी मान हलवतो आणि म्हणतो, पाहतो.

पोलीस अॅक्शन झाले त्या दिवशी मी या चौकात पेढे वाटले होते. आपले राज्य आले म्हणून डोळ्यांना पाणी आले होते. ते खरेच होते, आजही खरे आहे. उर्दू माझी मायबोली नव्हे. पण ऐन उमेदीत मी कायदा तिच्यातच शिकलो, तिच्यातच परीक्षा दिली, आणि अजूनही कायदा मला तिच्यातच सुचतो. राज्य आपले आले आणि माझी विद्या परकी झाली. याची दाद कोणाकडे मागावी? अशा दाव्याला कोर्ट नाही.

पुंजारामाला मी खरे सांगितले. म्हणालो, “मला नवा निकाल ठाऊक नव्हता, चूक माझी.” तो म्हणाला, “मंग आधी का नाय सांगितलं, वकीलसाब? आमी दुसरा वकील केला असता. इहीर तुमची नव्हती, माझी व्हती.” सगळे कागद घेऊन तो निघून गेला. त्याचे चुकले असे तू म्हणू शकशील का?

तू लिहितोस, असल्या कॉलेजाची डिग्री नको. कॉलेज वाईट असेल. ज्यांच्याकडे मी शिकलो ते मौलवीसाहेब हुक्का ओढत कलमे सांगत आणि चुकले की छडी मारत. तेही कॉलेज नव्हते. पण माझ्या अपमानापायी तू शिक्षण सोडलेस, तर मी दोनदा हरलो असे होईल, आणि दुसऱ्यांदा हरवणारा हर्डीकर नसेल.

माफी कशाची द्यायची ते तू ठरव. मी सांगणार नाही. परंतु नाव कापू देऊ नकोस. इतके मात्र मी वडील म्हणून सांगतो.

तुझे
नाना



औरंगाबाद,
रविवार, २० डिसेंबर १९५९

तीर्थरूप नाना,

श्रीधरचा नमस्कार. सिल्लोडकरांचं काय झालं ते कळवा. नाही म्हणाले असले तरी कळवा.

तुमचं पत्र वाचून मला राग आला, हे आधी सांगतो. हर्डीकरांचा आला, तुमचाही आला. दोन दिवस खोलीतच होतो. मग कोर्टात जाऊन तो मुंबईचा निकाल मागून घेतला आणि ओसरीत उभ्यानं वाचला. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. नजीर रद्दच आहे. एवढं सरळ आहे की वाचणाऱ्याला शंका राहू नये. मला वाटलं होतं, काहीतरी फट सापडेल. सापडली नाही.

मग हर्डीकर सरांच्या घरी गेलो. ते पडवीत फायली घेऊन बसले होते. बस म्हणाले नाहीत. मी माफीचा कागद पुढं केला. वर्गात आवाज चढवला आणि तास मोडला, त्याबद्दल दिलगीर आहे, इतकंच त्यात होतं.

त्यांनी वाचलं. “मला जे बोललास त्याचं काय?”

म्हणालो, “तो प्रश्न होता, सर. त्याची माफी होत नाही. त्याचं उत्तर असतं.”

मला वाटलं, कागद फाडतील. त्यांनी तो फाईलवर ठेवला. मग म्हणाले, “तुझ्या वडिलांनी निकाल वाचायला हवा होता.”

“त्यांनीही तेच लिहिलंय मला,” मी म्हणालो. “पण तुम्ही वर्गात ते सांगितलं नाहीत. तुम्ही त्यांचा आवाज काढलात.”

त्यांनी कागदावर सही केली, प्रिन्सिपॉलना दे म्हणाले आणि फाईल उघडली. चुकलं, असं ते म्हणाले नाहीत. मी फाटकाबाहेर येऊन थोडा वेळ थांबलो. हाक मारतील असं वाटलं होतं. मारली नाही.

माझं नाव राहिलं आहे. मी तासाला बसतो. सर माझ्याकडं बघत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत. पण शिकवतात तसंच, पहिल्यासारखं, जीव ओतून. माझी खरी अडचण हीच आहे, नाना. ते वाईट शिकवत असते तर द्वेष करणं सोपं गेलं असतं. काल त्यांनी उलटतपासणी शिकवली. मी लिहून घेत होतो, मधेच लक्षात आलं की मी खूश आहे, आणि माझीच मला चीड आली. कराराचे सर अजून तीच वही सांगतात. कपाटाची किल्ली अजून दुपारीच येते. काही सुधारलेलं नाही.

आणि रामकिसन गेला.

मी परत आलो त्या दिवशी त्याची जागा रिकामी होती. मला वाटलं, लेकरू आजारी असेल. शाळेत जाऊन गाठलं. म्हणाला, “तू उठून बोलला ते बरं केलं. पण त्या दिवशी सर तुझ्या नानाचा आवाज काढत व्हते ना, मला त्यात माझाच आवाज ऐकू येत व्हता. उद्या मी वकील होऊन हुबा राहिलो तर असंच हसतील. त्यापरीस शाळा बरी.” मी पुष्कळ समजावलं. म्हटलं, पेपर दोघं मिळून करू, रोज बसू. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “तू हो वकील. तुझ्यामागं घर हाय, वकिलाचं.” घंटा झाली तसा तो वर्गात निघून गेला. आमच्या सगळ्या वर्गात कायदा खरा कळणारा तोच होता. त्याचं नाव प्रिन्सिपॉलनी कापलं नाही. ते कुणाला कापावंच लागलं नाही. त्याची फिर्याद कुणावर करायची, ते मला कुठल्याही पुस्तकात सापडत नाही.

मी डिग्री घेईन, नाना. पण मी सगळं विसरलो, असं कुणी समजू नये. तुम्हीही नको.

एक मागणं आहे. तुमच्याकडं जे निकाल येतात आणि तुम्ही ‘पाहतो’ म्हणता, ते कन्नडच्या मोटारीच्या ड्रायव्हरजवळ माझ्याकडं पाठवत जा. मी मराठीत करून देईन. यात कुणी कुणावर उपकार करत नाही. तुम्ही त्यातले खटले मला समजावून सांगा, कारण ते इथं कुणीच सांगत नाही. पुंजारामाचं पुढचं अपील होत असेल, तर ते कुणीही चालवो, त्याचे कागद मला एकदा बघायचेत. तो देईल का, विचारून पाहा. नाही म्हणाला तर त्याचं बरोबरच आहे.

आणि पुढच्या वेळी औरंगाबादला आलात की शेरवानीतच या, आणि थेट कॉलेजवर या. तास सुटताना फाटकाशी उभे राहा. पोरं बघतील. बघू देत.

दत्तोपंत वकिलांचा,
श्रीधर