पाच संघ आणि सरांचा कागद

२० ऑगस्ट
आठ पोरी! गेल्या वर्षी अकरा होत्या. तिघींचं शेवटचं वर्ष संपलं, गेल्या. नवीन एकही आली नाही, आणि आहेत त्यांत उंच कुणी नाही. अर्शिया कॅप्टन — पाच फूट दोन इंच, पण धावते अशी की समोरचीला चक्कर यावी.

विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचं पत्र आलं. मुलींच्या बास्केटबॉलचे यंदा पाच संघ — आम्ही नांदेड, लातूर, उमरी, हदगाव आणि उदगीर. सामने ऑक्टोबरात, इथंच. पण क्रमवारी यंदा कोचांनीच ठरवायची! प्रत्येकानं पाचही संघांबद्दल चार ओळी लिहायच्या, एक ते पाच नंबर द्यायचे. १९ सप्टेंबरला बैठक. पहिले तीन थेट सेमीफायनलला. चौथ्या-पाचव्यानं आधी एकमेकींशी भिडायचं.

पत्र घेऊन प्राचार्यांकडं गेले. चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, सेमीफायनल तरी गाठा. तासिकेवरची ही जागा पुढच्या वर्षी ठेवायची का, ते त्यावर बघू."

ठेवायची का म्हणे. मी काय सोफा आहे?

२१ ऑगस्ट
कोर्टवर शेवाळ. पोरींनी आणि मी खराट्यानं घासलं. सराव असा झाला नाही, पण हसून हसून पोट दुखलं.

२५ ऑगस्ट
हदगावला जाऊन आले. त्यांच्या पोरी शेतातून थेट सरावाला येतात. खांदे काय एकेकीचे! पण रिंगवर नजर नाही, बॉल बोर्डावर नुसता आपटतात. एक म्हणाली, "मॅडम, जोरात मारला की जाईल की कवातरी." तिचा मुका घ्यावासा वाटला.
हदगाव — पाचवा नंबर. लिहिताना वाईट वाटलं.

३१ ऑगस्ट
उमरी. त्यांचे कोच सटवाजी सर, त्यांनी एक पोरगी आणलीय, सहा फुटाला एक बोट कमी. हात वर केला की झालं! सर सारखे माझ्याकडं बघून मिशीत हसत होते. "काय मॅडम, कसं काय वाटून राहिलं?"
छान वाटून राहिलं म्हणाले. दुसरं काय म्हणणार!
उदगीरचा खेळ मोबाइलवर बघितला. सावकाश खेळतात, चुकत नाहीत. म्हणजे उमरी दुसरी, उदगीर तिसरी. आम्ही चौथ्या. कितीदाही मांडलं तरी चौथ्याच.

पहिल्या नंबराचा प्रश्नच नाही. लातूर. आनंदराज सरांची लातूर — पाच वर्षं कुणी हरवलं नाही. मीही त्याच कोर्टवर वाढले.

तेरा वर्षांची होते. अब्बा हयात होते. लातूरला आमच्या घरी सर आले, चहा घेतला आणि म्हणाले, "मकबूलभाई, पोरीच्या हातात खेळ हाय." अब्बा कपड्यांवर अडले. चड्डी घालून माझी लेक खेळणार नाही. सर वाद घालत बसले नाहीत. पुढच्या आठवड्यात सगळ्या टीमला पायघोळ ट्रॅक आणि लांब बाह्या! उन्हाळ्यात पोरी शिव्या देत खेळल्या. कुणालाच कळलं नाही की हे माझ्या एकटीसाठी आहे. मलाही चार वर्षांनी कळलं, तेही महामायाबाईंकडून — म्हणजे सरांच्या बायकोकडून.

ही रोजनिशीही सरांनीच लावलेली सवय. "खेळलीस ते लिही. हरलीस ते जास्त लिही." घरात आम्ही दखनी बोलतो, पण इथं आपोआप मराठीच येते.

१० सप्टेंबर
लातूरला मैत्रीपूर्ण सामना. हरलो, ४१–५८. ते असू दे.

सरांसमोर जाऊन उभी राहिले, हसत. सर माझ्याकडंच बघत होते आणि चेहऱ्यावर काहीच नाही. मला वाटलं, रागावले की काय! "सर, मी हुमा," म्हणाले तेव्हा चेहरा एकदम उजळला. "अगं ये ये! उन्हात डोळे दिपले माझे."
ऊन नव्हतं. सकाळपासून आभाळ होतं.

टाइम-आउटला सर गप्प. त्यांची कॅप्टन समीक्षा त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगायची, सर दोन शब्द बोलायचे, मग तीच पोरींना समजावून सांगायची. तिसऱ्या क्वार्टरला बॉल घरंगळत सरांच्या डाव्या पायाशी आला. सर वाकले आणि उजवीकडं चाचपत राहिले. समीक्षा धावत आली, बॉल उचलला, जणू तिचाच होता.

मग तिनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांनीच. मॅडम, नका.

बसमध्ये पोरी गाणी म्हणत होत्या. अर्शियानं विचारलं, "मॅडम, हरलो म्हणून एवढं?" हाव म्हणाले.

११ सप्टेंबर
काही लिहावंसं वाटत नाही.

१२ सप्टेंबर
आज लिहिते, कारण लिहिलं नाही तर खोटं होईल. काल दिवसभर डोक्यात एकच — बैठकीत नुसतं सांगितलं की लातूरच्या कोचला दिसत नाही, तर लातूर खाली येते. न दिसणाऱ्या कोचची टीम म्हणून सगळे खाली टाकतील. आम्ही तिसऱ्या. थेट सेमीफायनल. माझी जागा शाबूत. आणि खोटं बोलावं लागत नाही, हे सगळ्यात वाईट!

अम्मीला सांगितलं. अम्मी भाकरी थापत होती. ऐकून घेतलं, तवा उतरवला, म्हणाली, "त्यांना भेटून ये आधी. मग काय लिहायचं ते लिही."

१४ सप्टेंबर
रविवार. एकटीच लातूरला. महामायाबाईंनी दार उघडलं आणि मला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मला कळलंय, हे समजल्या.

सर आतल्या खोलीत, खुर्चीत. मी "जय भीम सर" म्हणाले, तर सर म्हणाले, "चपला दारात काढल्यास तेव्हाच ओळखलं. डावा पाय अजून घासतीस."
मी जवळ बसले. सरांनीच सुरुवात केली.
"काचबिंदू. दोन वर्षं झाली. कडा आधी गेल्या. आता मधलंही धूसर हाय. गेलेलं परत येत न्हाई म्हणतात डॉक्टर."
"सर, सांगितलं का नाही?"
"काय सांगायचं? बॉल ऐकू येतो की. ड्रिबल कच्चं हाय का पक्कं, कळतं. बूट कुठं थांबले, कळतं. फक्त रिंगमध्ये गेला का न्हाई ते समीक्षा सांगती."
आत कुकरची शिट्टी झाली.
"हुमा, बैठकीत तुला लिहायचं हाय. मला ठाऊक हाय. खरं दिसलं ते लिही. माझ्यासाठी काही लपवशील तर शिकवणं वाया गेलं माझं."
मी रडले. तिसाव्या वर्षी, कोचबाई, हुंदके देऊन! सरांनी हात पुढं केला. आधी तो माझ्या खांद्याच्या बाजूनं हवेतच गेला. मीच सरकून डोकं त्याखाली नेलं.
महामायाबाईंनी जेवायला वाढलं. सरांच्या ताटात वाटी कुठं, भाकरी कुठं, हळू आवाजात सांगत होत्या. घड्याळासारखं — बारावर भाजी, तीनवर वरण. सर बिनचूक जेवत होते.

१७ सप्टेंबर
मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन. नंतर सराव. अर्शियाला म्हणाले, कोर्टवर आवाज द्या एकमेकींना. नाव घेऊन. डोळ्यांवर एवढं विसंबू नका. पोरींनी असा गलका केला की ग्रंथपाल बाहेर आले.

१९ सप्टेंबर
बैठक. सगळं नीट लिहिते.

पाच कोच, एक लांब टेबल, कोमट चहा. प्रत्येकानं आपापला कागद वाचायचा. सर समीक्षाचा हात धरून आले. "गुडघा दुखून राहिला," असं सगळ्यांना सांगितलं.

सटवाजी सर बोलायचे थांबेनात. "लातूरच्या बाकावरून यंदा आवाजच येत न्हाई म्हणं. टाइम-आउटला पोरगीच बोलती. कायतरी हाय." मग माझ्याकडं वळले. "मॅडम, तुम्ही तर आत्ताच खेळून आलात. काय दिसलं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. सर सोडून. सर टेबलाकडं मान करून ऐकत होते.

मी म्हणाले, "दिसलं ते सांगते. चौथ्या क्वार्टरला आम्ही फास्ट ब्रेक चालू केला. त्यांच्या कॅप्टननं कुणाला न विचारता बचावाचा झोन बदलला आणि दोन मिनिटांत आम्ही गार! बाकावरून ओरडावं लागत नाही इतकी शिकलेली टीम आहे ती. माझ्याकडून लातूर पहिली." आणि कागद वाचला — लातूर, उमरी, उदगीर, नांदेड, हदगाव. स्वतःला चौथं लिहिलेलं मोठ्यानं वाचलं. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

शेवटी सर. खिशातून कागद काढला, उलगडला, समोर धरला आणि सावकाश बोलले. मी शेजारीच बसले होते. तो लाइटबिलाचा कागद होता!
"नांदेड पहिलं," सर म्हणाले.
सटवाजी सर हसले. "आठ पोरींची टीम? अठ्ठावन्नला एक्केचाळीस हरलेली?"
"हाव, हरली. पण शेवटच्या मिनिटालाही त्यांच्या बुटांचा वेग तोच होता. माझ्या पोरींचे बूट घसटत होते. लातूर दुसरं, उमरी तिसरं, उदगीर, हदगाव." मग बिल नीट घडी घालून खिशात ठेवलं.

बेरीज झाली. लातूर, उमरी, आणि तिसऱ्या आम्ही! उदगीरहून एका गुणानं पुढं.

बाहेर व्हरांड्यात सरांना म्हणाले, "सर, हे माझ्यासाठी केलंत?"
रागावले. खरंच रागावले. "मी आजवर कुणाला फुकट नंबर दिलाय?"
मग समीक्षाचा हात चाचपत जिना उतरले. मी वरूनच बघत राहिले. पायरीला पायरी ती हळूच मोजत होती.

२० सप्टेंबर
पोरींना सांगितलं. अर्शिया उड्या मारताना माझ्याच पायावर पडली. अंगठा सुजलाय. गोड सूज!

२७ सप्टेंबर
सकाळी सरांचा फोन. काल टीमसमोर सगळं सांगितलं आणि राजीनामा दिला. "पोरीच पोरींना सांभाळतील, पण पुढं कुणीतरी पायजे. संस्थेला तुझं नाव दिलंय. कायमची जागा हाय, हुमा. सोमवारी रुजू हो."
मी म्हणाले, "सर, या सामन्यांनंतर. माझ्या आठ जणी आहेत."
"मग लातूर?"
"समीक्षा आहे ना. नियमात कॅप्टन बसू शकते कोच म्हणून."
सर एकदम लहान आवाजात, "मग मी कुठं बसू?"
"मधे. गुणलेखकांच्या टेबलाशी, दोन्ही बाकांच्या बरोबर मधे."
"पाठ असलेली खुर्ची ठेव," सर म्हणाले. "कंबर धरती माझी."