पाळकसाहेबांच्या बदलीचा अर्ज

ती. नंदकुमारमामांस,

पंकजचा सहा फुटांवरून सलाम. तुमचा गुडघा, मामींची शुगर आणि खंडव्याची हवा ठीक असो अशी प्रार्थना करतो (आजकाल दुसरं कामच नाही). पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर धाडतोय.

मामा, तुम्ही मंडळीच्या जिल्हा कमिटीत आहात म्हणून सांगतो, आमच्या रमेशसाहेबांची बदली करा! असा घाबरट पाळक मी पाहिला नाही. कोरोनाच्या ह्या दुसऱ्या लाटेत चर्च बंद, तर दर रविवारी मी मोबाईल धरतो आणि साहेब रिकाम्या बाकांपुढे "भिऊ नका" म्हणून गरजतात. रेकॉर्डिंग थांबलं की लगेच बायबलवर सॅनिटायझर मारतात. स्तोत्रांची शाई पसरून दावीद राजा दिसेनासा झालाय. (मी कॉलेज सोडलेला असलो तरी मोबाईल सरळ धरतो. त्यांची लेक निशा पेटी वाजवायला बसली की जरा हलतो, ते असो.)

आता ऐका. तीस वर्षं चर्चची घंटा वाजवणाऱ्या आशाबाई निंबोल्याला लेकीकडे तापाने पडल्या. निरोप आला, मरायच्या आधी प्रभुभोजन द्या, बाकी काही नको. साहेब म्हणे, "व्हिडिओ कॉलवर देऊ." माझं डोकंच सटकलं! मागच्या व्हिडिओ प्रभुभोजनाला निम्म्या मंडळीने भाकरीच्या जागी केळं आणि द्राक्षरसाच्या जागी चहा घेतला होता. मी बोल्लो, "साहेब, त्यांच्याकडे बटनवाला फोन आहे. कानाने जेवतील का?" साहेब बोल्ले, "कॉलेज सोडलंस तेव्हा जिभेचा ब्रेकही तिथेच ठेवून आलास." निशा दारात उभी होती, नाहीतर मी... (काही केलं नसतं.) शेवटी तीच म्हणाली, "पप्पा, जा ना." तेव्हा निघाले.

निघाले तेही कसे? बेचाळीस डिग्रीत रेनकोट, हेल्मेट, दोन मास्क, भांडी घासायचे रबरी हातमोजे. गाडीवर आमच्या दोघांच्या मधे उशी! निंबोल्यात शिरलो तर पळापळ. लोकांना वाटलं, बिमार माणसं उचलून न्यायला सरकारी टीम आली. अख्खी गल्ली केळीच्या बागेत घुसली. आशाबाईंचा जावई लोटू आतून कडी लावून ओरडला, "इथं कोनी बिमार नाही! म्हातारी तं लग्नाले गेली!" तेवढ्यात आत म्हातारी खोकली. साहेब मास्कांतून "मी पाळक, मी पाळक" करत होते. लोटू म्हणे, "पाळक असशील तं तोंड दाखव!"

मामा, साहेबांनी आधी हेल्मेट काढलं, मग एक मास्क, मग दुसरा. रडत होते. पाळक असून, भर गल्लीत! कडी निघाली तसे आत गेले. असा माणूस मंडळीने ठेवावा का? अर्ज सोबत आहे.

तुमचा,
पंकज

ता. क. अर्ज डिलीट करा. साहेबांनी आशाबाईंचं डोकं मांडीवर घेऊन भाकर भरवली, अर्धा तास बसले. मी खिडकीतून पाहिलं. (मी बाहेरच होतो. गाडीचा स्टँड नीट लागत नव्हता.) पहाटे त्या गेल्या.

आणखी एक ता. क. साहेबांना परवापासून ताप आहे. घरात ते आणि निशा, दोघंच. मी रोज डबा फाटकावर ठेवतो, बेल दाबतो आणि पळतो. आज निशाने खिडकीतून विचारलं, "पप्पांना उठवून बसवायचंय, माझ्याने होत नाही. आत येतोस?" मी "आलोच" बोल्लो आणि घरी येऊन हे पत्र लिहायला बसलो. मामा, तुमचे लसीचे दोन्ही डोस झालेत. उद्या या. आत नाही आलात तरी चालेल, उंबऱ्यापर्यंत फक्त माझा हात धरा.